ड्रमरच्या झांजा

दादा,

मस्कतला ऊन फार असेल, जप.

आपल्या आवडत्या इंग्लिश बँडवरून पॉवरलूमवर खाणाखुणांनी भांडायचो, आठवतं? तू गिटारवाल्याचा चाहता, मी ड्रमरचा. परवा नव्या स्पीकरवर त्याच्या झांजाच ऐकू येईनात. दुकानदाराशी भांडून स्पीकर बदलून आणला, तरी तेच. तेव्हा माझी निशा म्हणाली, "पप्पा, झांजा वाजतायत की!"

लूमच्या खडखडाटानं माझे कान चाललेत, दादा. ड्रम अजून ऐकू येतो, पण ते गाणं पुन्हा लावायची हिंमत होत न्हाय. उद्या ड्रमही गेला तर?

हे पत्र टाकणार न्हाय. तू कामधंदा सोडून धावत येशील.

एकच विचारायचं हाय. फोनवर हल्ली तूच हळू बोलतोस, होय ना?

तुझा धाकटा,
हरेश
शेलार, भिवंडी