दादाचा वाटा आणि कारखान्याची भिंत

मी, दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलेली बाई, वय वर्षे एकाहत्तर, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. अक्षर नाचते आहे ते आनंदाने. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहून तशी खात्री केली आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. कालच्या प्रकारानंतर ते ठेवण्यात अर्थ नाही.

१. राहते घर मोठ्या मुलीस. स्वयंपाकघरातला गळका नळही तिलाच.

२. पाट्यांचा कारखाना, शिड्या, रंग आणि मागची लांब भिंत, ज्यांचे माणूस नशेने गेले अशा आमच्या रविवारच्या मंडळींस. येणाऱ्याने आपल्या माणसाची एक गोष्ट सांगावी, बाकीच्यांनी ऐकावी, मग सगळ्यांनी मिळून ती भिंतीवर रंगवावी. शेवटचे दिवस सांगू नयेत, ते सगळ्यांना पाठ आहेत. बेकरीवालीचा नवरा दारूने गेला. भिंतीवर तो फुगलेल्या पावाला सलाम ठोकतो आहे, कारण तो रोज ठोकायचा. ‘मला चित्र येत नाही’ ही सबब चालणार नाही. भिंतीला चुना लावणाऱ्यास माझे शाप लागतील, हे कलम कायद्यात बसत नसले तरी राहू द्यावे.

३. माझे सर्व ब्रश माझ्या थोरल्या भावास, म्हणजे दादास. याचे कारण लिहिणे भाग आहे.

माझा धाकटा मुलगा नशेच्या सुयांनी गेला. दादाने दारातच सगळ्यांना सांगितले, “हार्ट अटॅक.” ते खोटे सांभाळता सांभाळता घरात पोराचे नावही निघेनासे झाले. मी दादाशी बोलणे टाकले. जुन्या मृत्युपत्रात त्याच्यापुढे ‘काही नाही’ असे लिहिले होते, सुबक अक्षरात, सावलीसकट.

काल तो कारखान्यात आला. इस्त्रीचा शर्ट, घशाशी बटण. मंडळींसमोर उभा राहून म्हणाला, “माझ्या भाच्याने मला स्कूटर शिकवली. पन्नाशीत. गोदामामागच्या मैदानात, कोणाला कळू नये म्हणून. मागे धावायचा आणि ओरडायचा, ‘मामा, ब्रेक दाबा, हॉर्न नाही!’ मी हॉर्न वाजवत वाजवत कुंपणात गेलो.”

बेकरीवाली हसून हसून खाली बसली. मीही हसले. मला ही गोष्ट ठाऊकच नव्हती! माझ्या पोराची एक नवी कोरी गोष्ट, इतक्या वर्षांनी!

हसू ओसरल्यावर दादा म्हणाला, “तो हार्टने गेला नाही. नशेने गेला. फार गोड पोरगा होता.” मग रडला. मी त्याच्या हातात ब्रश दिला आणि खडूने भिंतीवर त्याला स्कूटरवर आखू लागले.

“माझं पोट एवढं मोठं काढू नकोस,” तो म्हणाला.

“तूच काढ मग.”

त्याने काढले. स्कूटर म्हशीसारखी झाली आहे. कोणीही दुरुस्त करू नये.

४. माझे चित्र भिंतीवर नको. मी नशेने जाणार नाही. फार तर शिडीवरून पडेन.

दादास वाटा असल्याने त्याला साक्षीदार होता येत नाही. तो खांद्यावरून वाचतो आहे आणि “म्हशीसारखी काय?” म्हणून भांडतो आहे.

बाहेर एक नवीन बाई येऊन उभ्या आहेत. त्यांना बहिणीचे सांगायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही म्हणतात. दादा खुर्ची घेऊन गेला. मी सही करून निघते.

सही: पाटीवाली
साक्षीदार: १. शेजारीण २. डॉक्टरीणबाई. दोघींनी माझ्यासमोर व एकमेकींसमोर सह्या केल्या.
ठिकाण: कारखाना, भिंतीजवळ
दिनांक: एकोणीस नोव्हेंबर