वेल म्हणजे विहीर

मामंजी, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. कारण साधंच. सकाळी धाकटी शाळेचं इंग्रजी पुस्तक घेऊन चुलीपाशी आली. म्हणाली, "आई, वेल म्हणजे विहीर ना? मग या ओळीत विहीर कशी बसेल?" माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तिला कसंबसं समजावलं, पण मन कल्याणच्या त्या परसात जाऊन उभं राहिलं, ते अजून परतलेलं नाही.

कोर्टात इंग्रजी कागदांचे मराठीत तर्जुमे करण्यात तुमची सगळी नोकरी गेली. पेन्शन झाली, डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला, आणि मुंबईहून येणारं इंग्रजी वर्तमानपत्र तुमच्या मांडीवर नुसतं पडून राहू लागलं. हे सकाळीच कचेरीला जात. वाचून दाखवणार कोण? एक दिवस तुम्ही पाटीवर मोठाली अक्षरं काढलीत आणि उंबऱ्यावरून पाटी आत सरकवलीत. मी दाराआड तांदूळ निवडत बसलेली. "सूनबाई, हे गिरव. माझे डोळे आता तू हो." सासूबाई कुरकुरल्या, "सगळ्या कोपरी गावात बोभाटा होईल." तुम्ही म्हणालात, "होऊ दे. तिला येऊ तर दे आधी." मी एकदा दाराआडूनच विचारलं होतं, इंग्रजीत एका शब्दाचा एकच अर्थ असतो का? तुम्ही हसलात. "सध्या एकेकच धर. गोंधळ नको." तसे मी धरत गेले. सिस्टर म्हणजे बहीण. वेल म्हणजे विहीर.

मग कल्याणहून निरोप आला, माझी धाकटी बहीण तापानं फणफणली आहे, तापाच्या भरात उठून बाहेर धावते, दोघांनी धरावं लागतं. आमचे आईवडील केव्हाच गेलेले. मी निघते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "तिच्या सासरी न बोलावता तू कशी जाशील?" तेव्हा तुम्ही काठी उचललीत. तुम्हाला समोरचं माणूस धड दिसत नव्हतं, तरी सुनेच्या बहिणीसाठी एकटे निघालात. दारातून वळून म्हणालात, "तार करीन. तुझ्या नावानं. तुला वाचता येईल अशी."

तिसऱ्या दिवशी दुपारी तारवाला दारात उभा. तार म्हटल्यावर सासूबाईंनी आधीच पदर डोळ्यांना लावलेला. माझ्या नावानं आलेला तो आयुष्यातला पहिला कागद. मी उलगडते. दोनच शब्द. सिस्टर. वेल.

"काय गं? काय लिहिलंय?" सासूबाई विचारताहेत आणि मी तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचते आहे. शेवटी म्हटलं, "बहीण... विहिरीत." सासूबाई मटकन खाली बसल्या. पण उठल्याही त्याच. न बोलावता जायचं नाही म्हणणारी ती बाई, तिनं माझा हात धरला, घराला कडी घातली आणि आम्ही दोघी ठाणे स्टेशनावर. पुरुषमाणसाशिवाय आम्ही कधी गाडीत पाय ठेवला नव्हता. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, एवढंच आठवतं.

बहिणीच्या घराशी पोचले आणि मी दारातून आत गेलेच नाही. सरळ परसात. विहिरीच्या काठाला दोन्ही हात टेकून खाली वाकले. पाणी स्वच्छ, निवांत. त्यात माझंच तोंड. आणि पाठीमागून बारीक आवाज, "ताई? तू कधी आलीस?"

मागच्या पडवीत ती भिंतीला टेकून बसलेली. हातात पेजेची वाटी.

माझा हंबरडा ऐकून तुम्ही काठी टेकत बाहेर आलात. "काय झालं, सूनबाई?" मी तार तुमच्या हातात दिली. म्हटलं, "विहीर." तुम्ही कागद डोळ्यांशी नेलात, आणि तुमचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. "ताप उतरला, पोरगी बरी आहे, असं लिहिलं मी. तुला येतात तेच शब्द निवडले. पण तुला त्यातला कुठला अर्थ येतो, ते पाहिलंच नाही. चूक माझी आहे. मला क्षमा कर." आणि तुम्ही हात जोडलेत. सुनेला. कोर्टात साहेबासमोर ताठ उभा राहणारा माणूस.

सासूबाई मात्र म्हणाल्या, "बरं झालं बाई, पोरगी बरी आहे. बरं, आता आत चला." तुम्ही एकदम हसलात. "ऐकलंस? तुझ्या सासूनं एका दमात तीन बरं टाकले, तिन्ही निराळे." मग तिथंच, काठावर बसून, तुम्ही तो शब्द माझ्यापुढे उलगडलात. जमिनीतून पाणी वर येतं, तो वेल. डोळे भरून येतात, तोही. माणूस सुखरूप, तो वेल. काम नीट झालं, तेव्हाही वेल. चार अक्षरं! मला वाटलं, त्या एवढ्याशा शब्दात कोणी तरी फार खोलवर खणून ठेवलंय. त्या दिवसापासून मी कुठल्याच शब्दाकडे, आपल्याही, सहज पाहू शकले नाही.

हे पत्र टाकायला टपालपेटी नाही, ते मला कळतं. तरी एक गोष्ट सांगायची राहिलीच होती. तुमच्या शेवटच्या दुखण्यात साहेब डॉक्टर आला. त्यानं नाडी पाहून तुमचा हात खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, "वेल..." म्हणाला आणि थांबला. हा अर्थ तुम्ही शिकवला नव्हता. तरी मला कळला. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाला गं?" तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. जागे होतात की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी म्हटलं, "बरे होतील म्हणतो."

तो तर्जुमा मी चुकून केला नव्हता, मामंजी.