पळसाची शारदा

मलकापूर
गुरुवार, दि. १९ सप्टेंबर १९६३

चि. शारदा हिस,

अनेक आशीर्वाद. काल घट बसले. आई बरी आहे. दात सोडले तर सगळं शाबूत आहे, आणि जीभ तर पूर्वीपेक्षा चांगली चालते. मीही बरा. शाळेत मुलांना धातूंची रूपं पाठ होत नाहीत आणि मला ती विसरता येत नाहीत, एवढंच दोन्हीकडचं दुःख.

तुझं बाड श्रावणात पोचलं. बारा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. सोबत चार ओळी: दवाखान्यातल्या माणसांसाठी संत मार्टिनचं चरित्र मराठीत केलं आहे, गेल्या वर्षीच रोमला त्यांना संत म्हणून जाहीर केलं, भाषा तपासून द्यावी. खाली ‘सि. शारदा’. सिस्टर म्हणजे साऱ्या जगाची बहीण झालीस. माझ्या वाट्याला त्यातली किती येते, हे विचारायचा अधिकार मला नाही. आईची चौकशी त्या चिठ्ठीत नव्हती. का नव्हती ते मला ठाऊक आहे. आधी भाषेचं सांगतो.

तुझी भाषा साधी आणि स्वच्छ आहे. तेव्हा मी अर्थातच ती बिघडवायला बसलो. मार्टिनच्या हातातल्या झाडूची ‘संमार्जनी’ केली, मठातल्या उंदरांचा ‘मूषकसमुदाय’ केला. पाठशाळेची खोड, मोठ्यानं वाचल्याशिवाय मला काही कळत नाही. आई पडवीत ज्वारी निवडत होती. गोजरबाई अंगण झाडत होती. ही तू गेल्यानंतर आपल्याकडे झाडलोटीला लागली, तुझ्याहून थोडी थोरली असेल.

“काय वाचून राह्यला रे वैजू?” आईनं विचारलं.

“एका साधूचं चरित्र. हातात संमार्जनी घेऊन तो…”

“म्हणजे काय घेऊन?”

“झाडू.”

गोजरबाई तिथूनच म्हणाली, “मंग झाडूच म्हना ना मास्तर. त्या बाबाले धरायची लाज नाई वाटली, तुमाले बोलाची काऊन वाटते?”

मी झाडू परत ठेवला. उंदीरही. त्यानंतर तुझ्या मजकुराला हात लावला नाही. ऱ्हस्वदीर्घ तेवढे चौदा ठिकाणी सुधारले. मिशनवाल्यांना सांग, भाषा एका झाडूवालीनं तपासली आहे.

मग रोज संध्याकाळी वाचन सुरू झालं. गोजरबाई काम उरकून पायरीवर बसायची. मार्टिनचा पेरू देश कुठे, तर आईच्या मते भुसावळच्या बराच पुढे. मठातले आजारी बाबा मार्टिनला त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देत आणि तो त्यांचेच पाय धूत असे, हे ऐकून आई म्हणाली, “आजारी माणसं सगळीकडे सारखीच.” कुत्रं, मांजर आणि उंदीर एका ताटात जेवतात तो भाग तिनं तीनदा वाचायला लावला. तुमच्या धर्माविषयी माझ्या मनात पुष्कळ शंका आहेत, शारदे. या माणसाविषयी एकही उरली नाही.

पण त्याच्या जन्माच्या पानावर मी अडलो. आई गुलामीतून सुटलेली काळी बाई, बाप खानदानी गोरा, आणि बाप्तिस्म्याच्या वहीत बापाच्या जागी ‘अज्ञात’.

“बाप मेला होता का?” आईनं विचारलं.

“नाही. होता की जिवंत.”

“मग नाव काऊन नाही लिहिलं?”

“लाजेपायी.”

“जित्या लेकराले नाही म्हणते,” सुपातला खडा अंगणात भिरकावत आई म्हणाली, “तो कसला खानदानी!”

घसा बसला असं सांगून मी त्या दिवशीचं वाचन थांबवलं.

दोन दिवसांनी तो भिकाऱ्याचा प्रसंग आला. अंगभर फोड झालेल्या म्हाताऱ्याला मार्टिन स्वतःच्या अंथरुणावर निजवतो, मठातला एक जण चादर खराब झाली म्हणून रागावतो, आणि मार्टिन म्हणतो की चादर साबणानं निघेल, पण याला दाराबाहेर ठेवला असता तर माझ्या मनावरचा डाग कशानं निघाला असता. आईचे हात सुपात थांबले.

“आपली शारदी अशीच होती,” ती गोजरबाईला म्हणाली. “पटकीच्या रोग्यांचं करता करताच गेली ना माझी लेक. ह्या बाबाचं इतकं मोठं नाव झालं. माझ्या पोरीवर कोणी दोन ओळीही लिहिल्या नाही.”

हे वाचून तू थांबली असशील. थांब, पण पत्र फाडू नकोस. पुढचं वाच.

एक्कावन्नच्या आषाढात, तू मिशनच्या ज्या दवाखान्यात कामाला गेली होतीस तिथून तुझं पत्र आलं होतं, की तू बाप्तिस्मा घेतलास आणि आता तिथेच सिस्टरांमध्ये राहणार. ते तू आईच्या नावानं लिहिलं होतंस, मी तिला वाचून दाखवीन या भरवशावर. मी दाखवलं नाही. मी देवळात पुराण सांगत होतो, आणि खामगावची मंडळी आपल्याकडे सोयरिकीसाठी यायची होती. मी आईला सांगितलं, दवाखान्यात पटकीची साथ आली, शारदा गेली, घाईत तिकडेच सगळं उरकलं, अस्थीही नाहीत.

आणि तुला उत्तर लिहिलं: ‘आई म्हणते, मला मुलगी नाही. पुन्हा पत्र पाठवू नये.’

आई असं कधी म्हणाली नाही. ते वाक्य माझं होतं. तिला लिहिता येत नाही, एवढ्याचा फायदा मी घेतला.

देह नाही म्हटल्यावर शास्त्राप्रमाणे पालाशविधी करावा लागला. तीनशे साठ पळसाच्या देठांचं माणूस करतात, लोकरीच्या धाग्यानं बांधतात, डोक्याच्या जागी नारळ. भटजी म्हणाले, माणूस देतो बांधायला. मी म्हटलं, नको, माझी बहीण आहे. एवढं नाटक मला जमत होतं. आईनं पेटीतून तुझं हिरवं परकरपोलकं आणून त्याला नेसवलं, आणि कमरेशी परकर सैल होतो म्हणून पुन्हा आवळून बांधला. नळगंगेच्या काठी मी त्याला अग्नी दिला. ओला पळस फार धूर करतो. डोळ्यांतलं पाणी लोकांना खरं वाटलं.

सोयरीक पुढे अकोल्याच्या एका वकिलाकडे गेली. मी अजून एकटाच आहे, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

हे सगळं आईसाठी केलं, तिला मुलीच्या धर्मांतराचा धक्का सोसला नसता, असं मी माझं मला बारा वर्षं शिकवलं. विद्यार्थी मंद असला तरी घोकून घोकून पाठ होतंच. त्यातला एकही शब्द खरा नाही. आईनं तुला दोन दिवस शिव्या दिल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी लाडू घेऊन तुझी गाडी पकडली असती. मला तेच नको होतं. गावभर झालं असतं.

दर पितृपक्षात दशमीला तुझं श्राद्ध. खीर, वडे, कावळ्याला पान. कावळा दर वर्षी लगेच शिवायचा. आई म्हणायची, “समाधानी आहे पोरगी.” कावळ्यांच्या शास्त्रज्ञानावर माझा विश्वास तेव्हाच उडाला.

गेल्या आठवड्यातली दशमी. पानं मांडली होती. दर्भ बोटात, तीळ हातात, मी संकल्प सुरू केला. गोत्र उच्चारलं. पुढे तुझं नाव घ्यायचं, आणि फळीवर तुझं बाड, तुझ्याच अक्षरात. नाव तोंडातून निघेना.

“घे की नाव,” आई म्हणाली. “विसरला का?”

मी म्हटलं, “आई, शारदा जिवंत आहे.” मग जे तुला वर लिहिलं, ते सगळं सांगितलं.

ती रडेल असं वाटलं होतं. ती उठली, कावळ्याचं पान उचललं, गोजरबाईच्या हातात दिलं आणि म्हणाली, “गोजरे, हे तू खाऊन घे. माझी लेक जित्ती आहे.” मग माझ्याकडे वळली. “तिच्या परकराची गाठ मी बांधली होती रे. तू पाहत होता.”

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. स्वयंपाक करते, ताट वाढते. काही सांगायचं असेल तर निरोप गोजरबाईकडून येतो, आणि मी तीन हातांवर बसलेला असतो.

मी पोथ्या काढून बसलो. मेला समजून ज्याची क्रिया केली तो परत आला, तर त्याला तुपाच्या घड्यात बुडवून काढावा, न्हाऊ घालावा आणि जातकर्मापासून सारे संस्कार पुन्हा करावेत, असं शास्त्र आहे. तुमच्यात पाण्यावर भागतं, आमच्यात तूप लागतं. हल्लीच्या दिवसांत तुमचंच सोयीचं. म्हणजे तुझ्यासाठी वाट आहे. पण जिवंत आहे हे ठाऊक असून ज्यानं अग्नी दिला, त्यानं काय करावं, हे सापडलं नाही. दोन रात्री नीट शोधलं. शास्त्रकारांना असा माणूस सुचलाच नसावा.

क्षमा मागत नाही. ती मागितली की द्यायचं ओझं तुझ्यावर पडतं, आणि तुझ्यावर मी पुरेसं टाकलं आहे. तू आलीस तर मी शाळेत राहीन. तू जाईपर्यंत घरी येऊ नये असं म्हणशील तर तसंही करीन. बाड वेगळ्या टपालानं धाडतो आहे.

आता संध्याकाळ आहे. हे पत्र आईनं गोजरबाईला समोर बसवून माझ्याकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घेतलं. मग म्हणाली, “गोजरे, त्याले विचार, त्याच्या अक्षरावर ती काऊन विश्वास ठेवीन? मागचंही त्याच्याच हाताचं होतं.”

आईनं दौत मागवली. खाली दोन वाक्यं आहेत, ती तिनं गोजरबाईला सांगितली आणि गोजरबाईनं मला. त्यांत मी काना-मात्राही वाढवलेला नाही.

वैजनाथ

शारदे, मी तसं म्हटलं नव्हतं. ये.

अन्नपूर्णाबाई
निशाणी अंगठा