वळणावरची शंभर मिनिटं

४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दाजींस,

सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही अजूनही कवायतीच्या मैदानावर असल्यासारखे बोलता आणि माझा एकच कान धड उरलाय, तो मला जपायचा आहे.

आमच्या दुरुस्ती तुकडीला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात. तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच की जुन्या मंडळींत हात न थरथरता लिहिणारा मीच. ताईकडून कळलं की तुम्हीही तुमच्या पलटणीच्या इतिहासाला बसलाय, साडेतीनशे पानं झालीत आणि पहिली गोळी सुटते ती दोनशेव्या पानावर. तुमच्या त्या मागच्या छोट्या पुस्तकात मी बारकाईने शोधलं. पलटण डोंगरावर पोचली असं चार ठिकाणी आहे, पण कशातून पोचली हे कुठंच नाही. उडत गेलात वाटतं! आमच्या इतिहासात शौर्य कमी आणि ग्रीस जास्त असेल, पण ट्रक मात्र दिसतील.

एक काम होतं. घाटातल्या लढाईच्या आठ दिवसांची आमची नोंदवही पाण्यात भिजली, शाई पार पसरली. पलटणीची रोजनिशी तेव्हा तुमच्याकडे असायची, आणि तिची प्रत हल्ली तुमच्या टेबलावर असते म्हणे. तेवढे आठ दिवस उतरवून पाठवाल का? अडतीस वर्षं झाली, आता त्यात गुपित ते काय राहणार.

ताईला नमस्कार. लोभ आहेच. निदान दोन्ही पुस्तकं छापून होईपर्यंत तो टिकावा.

आपला,
मेव्हणा

१३ फेब्रुवारी

चि. पानेबहाद्दर यास,

अ. आ.

तुझं पत्र मिळालं. त्यावर काळ्या बोटांचे ठसे होते, त्यामुळे पाकीट न फोडताच पाठवणारा कळला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता तरी साबण वापर.

ट्रकांचा उल्लेख नाही म्हणतोस, तर ऐक. आम्ही निम्मा घाट चालतच चढलो, कारण तुम्ही दुरुस्त केलेला ट्रक पुढच्याच वळणावर पुन्हा बसायचा. हे मी पुस्तकात लिहिलं नाही, हे माझे उपकार समज.

सोबत रोजनिशीतला मजकूर उतरवून पाठवतोय. तुझी बहीण म्हणते की माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे. ती कधी खोटं बोलत नाही हे तू जाणतोसच. नवी कवळी बसवली आहे, त्यामुळे फोनवर शिट्टी वाजते. पत्राची कल्पना एकंदरीत बरी.

गुडघ्याला जप. रागलोभ दोन्ही चालू ठेव.

तुझा,
दाजी

२१ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दाजींस,

सा. न. वि. वि.

अक्षर खरंच सुरेख आहे. मोजता मात्र तुम्हाला येत नाही. मी आठ दिवस मागितले, तुम्ही सात पाठवलेत. पाच तारखेनंतर एकदम सात. पलटणीने सहा तारखेला सुट्टी घेतली होती की काय?

नेमका तोच दिवस मला हवा आहे. त्या दिवशी घाटातल्या अरुंद वळणावर एक ट्रक आडवा झाला. दारूगोळा वर जाईना, जखमी खाली येईनात. आमच्या ‘कासवा’ने क्रेनची गाडी नेऊन तो बाजूला ओढला. कासव म्हणजे आमचा क्रेनवाला. चालायचा हळू, पण घेतलेलं काम अर्धं टाकायचा नाही. त्याच्या हाताखालचे दोघं तोफगोळ्यांत सापडले. एक तिथंच गेला, दुसऱ्याचा पाय गेला. आणि पुढे चौकशी झाली ती कासवाची! म्हणे दिरंगाई केली. त्याची बढती थांबली ती थांबलीच. भरती झाला त्याच्या एकच पायरी वर चढून घरी गेला. ज्या नोंदीवरून चौकशी झाली तिच्यात काय लिहिलं होतं ते आम्हाला कुणी दाखवलं नाही. एवढ्या एका पानासाठी मी हा सगळा इतिहास लिहितोय म्हणा ना.

तेव्हा पाठवा. आळस केलात तर ताईकडे तक्रार जाईल.

आपला, लोभाइतकाच त्या पानाचा भुकेला,
मेव्हणा

२ मार्च

चि. बाळा,

अ. आ.

तुझ्या पत्रानंतर आमच्याकडे काहीतरी बिनसलंय. हे रोज सकाळी टेबलाशी बसतात, एक पान लिहितात आणि फाडतात. काल टोपलीतले तुकडे मी जोडून पाहिले. सगळ्यांवर तुझंच नाव होतं आणि पुढे एकही वाक्य पुरं नव्हतं. परवा माझ्यावर उगाच खेकसले आणि लगेच माझ्या हातातली भाजी घेऊन निवडायला बसले. ही त्यांची माफी मागायची पद्धत. पण परवाच्या माफीला तीन जुड्या म्हणजे जरा जास्तच झालं.

मी विचारलं तर म्हणाले, ही पलटणीची बाब आहे. मी सांगून टाकलं की पलटण तुमची असेल, भाऊ माझा आहे. जे असेल ते त्याला लिहा, नाहीतर मी लिहीन, आणि मला लिहिता येतं तसं लिहीन. तेव्हापासून दार लावून बसलेत. आज कागद फाडल्याचा आवाज आलेला नाही.

पत्र आलं तर चिडण्याआधी एकदा पाणी पी. माया आहेच, ती काय लिहायची.

तुझी,
ताई

३ मार्च

चि. मेव्हण्यास,

अ. आ.

सहा तारखेचं पान सोबत आहे. त्यातलं चौथं वाक्य असं : “दुरुस्ती तुकडीच्या दिरंगाईमुळे रस्ता दोन तास बंद राहिला.” अक्षर माझं आहे आणि वाक्यही माझंच. साहेबांनी फक्त सही केली.

तो ट्रक आमचा होता. दारूगोळ्याने आधीच भरलेला होता. ऑफिसच्या कागदांच्या चार लोखंडी पेट्या मागे राहत होत्या, म्हणून त्या मी वर चढवायला लावल्या. ड्रायव्हरने नको म्हटलं, तर मी त्याला दरडावलं. वळणावर ॲक्सल मोडला तो त्या ओझ्याने. संध्याकाळी रोजनिशी लिहायला बसलो तेव्हा घाबरलो होतो. कुणाचं तरी नाव घालायला हवं होतं आणि मी लिहीत होतो तिथं तुमच्या तुकडीचं कुणी हजर नव्हतं. चौकशी होईल, एखाद्याचं आयुष्य अडेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. नंतर आलं, तेव्हा मी गप्प बसलो.

दोन वर्षांनी तुमच्या घरी ताईला बघायला आलो. तू त्याच तुकडीतला आहेस हे कळलं तेव्हा हातातला कप बशीवर वाजला होता. तुम्ही सगळे हसलात. तुम्हाला वाटलं, मुलीला बघून मुलगा लाजला.

आज थट्टा सुचत नाही. लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

दाजी

१२ मार्च

तीर्थस्वरूप दाजींस,

सा. न. वि. वि.

ताईने सांगितल्याप्रमाणे पाणी प्यालो. एक तांब्या पुरला नाही.

रोजनिशी तुमच्याकडे असायची हे मला लग्नापासून माहीत होतं. वाक्य तुमचं असेल अशी शंकाही होती. विचारलं नाही, कारण ताई सुखात होती आणि तुम्ही मला आवडायला लागला होतात. म्हणजे गप्प बसण्यात मीही होतोच की. तुमच्यावर रागवायला बसलो आणि निम्मा राग स्वतःवर खर्च झाला.

पण माफी माझ्याकडे मागून उपयोग नाही. कासव जिवंत आहे. शिलाई मशीन दुरुस्त करतो. पत्ता मागे लिहिला आहे. पत्र पाठवू नका, स्वतः जा. आणि पुस्तक छापायला जाण्याआधी जा.

मी बरोबर येणार नाही. माझा गुडघा दुखतोय, असं समजा.

आपला,
मेव्हणा

२६ मार्च

चि. पानेबहाद्दर यास,

अ. आ.

जाऊन आलो.

बाहेरच्या खोलीत मशीन उलटं करून बसला होता. मी कोण ते सांगितलं, मग पेट्यांचं सांगितलं, वाक्याचं सांगितलं. हातातला स्क्रू बसेपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग पेट्या किती होत्या ते विचारलं. मी चार म्हटलं. तो म्हणाला, सहा. त्यानेच हाताने उतरवल्या होत्या, आणि त्या जास्तीच्या दोन्हींत साहेबांच्या मेसच्या कपबश्या होत्या. अडतीस वर्षं मी चार पेट्यांचं ओझं वाहत होतो, त्याने दोन वाढवून दिल्या!

माझी माफी त्याने नुसती ऐकून घेतली. घेतली की नाही ते मला कळलं नाही. नवं वाक्य तिथंच बसून लिहा म्हणाला. मी लिहिलं की ट्रक आमचा होता, ओझं माझ्या हुकमाने वाढलं, आणि दुरुस्ती तुकडीने गोळ्यांच्या माऱ्यात दोन तासांत रस्ता मोकळा केला. दोन तास नव्हे, शंभर मिनिटं, असं तो म्हणाला. घड्याळ त्याच्या हातात होतं. मी खोडून शंभर केलं. वाक्यात मी त्याचं नावही घातलं होतं, त्यावर त्याने काट मारायला लावली आणि हाताखालच्या त्या दोघांची नावं घालायला लावली. पलटणीच्या रस्त्यासाठी ते सापडले, तर पलटणीच्याच पुस्तकात पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. दोन्ही नावं त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिली आहेत. त्याचं नाव मी छापखान्यात जाऊन परत घातलंय. ते त्याला सांगू नकोस.

आमच्या पुस्तकाच्या समितीचे चिटणीस कुरकुरले की आपल्या पुस्तकात दुसऱ्या तुकडीची नावं कशाला. मी म्हटलं, मग आधी माझं काढा. नावं राहिली.

तर त्या दिवशी त्याच्याकडे लिहून झाल्यावर त्याला सगळं वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. मग पुन्हा एकदा वाचा म्हणाला, आणि या वेळी मोठ्याने. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. तसं नव्हतं. त्याची बायको आतल्या खोलीत होती आणि कमी ऐकू तिला येत होतं. मी कवायतीच्या आवाजात वाचलं. ती ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली. शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग नवऱ्याकडे बघितलं, आणि कासव मशीनवर एकदम खाली वाकला, जणू तो स्क्रू पुन्हा सैल झाला होता.

तुझा लोभ पूर्वीइतकाच असावा असं मागायला तोंड नाही. थोडा कमी चालेल, पण असू दे.

तुझा,
दाजी