केटरिज आणि पुत्र यांच्या गोळ्यांच्या कारखान्याबाबत

मी, लव्हिनिया केटरिज, वय एकोणऐंशी, अविवाहित, राहणार कूपर गल्ली, वेल्सबरी, मॅसॅच्युसेट्स, धंदा साखरेचा पाक करणे, माझ्या मागे माझ्या मालमत्तेचे काय व्हावे ते आज लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे. बाकीच्या शरीराबद्दल ते फारसे बोलले नाहीत, मीही विचारले नाही. कोणी धाक घातलेला नाही. या वयात मला धाक घालायला कोणी उरलेलेही नाही. पूर्वी केलेले मृत्युपत्र मी चुलीत घातले आहे, ते कोणी शोधत बसू नये.

माझे वकील ॲल्डन फिस्क यांचे म्हणणे असे की कोणाला काय एवढेच लिहावे, का ते लिहू नये. पण मी ‘का’ लिहिले नाही तर ते कोर्टात दुसरेच कोणी तरी सांगेल. म्हणून दोन्ही लिहिते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी फिस्क यांनीच करावी.

कलम पहिले. मला पाइनच्या साध्या पेटीत, आईच्या शेजारी पुरावे. वडील वारले तेव्हा माझा धाकटा भाऊ हॉरेस, जो तोवर शिकागोच्या एका मोठ्या कंपनीत गेला होता, त्याने चर्चच्या दारात उभे राहून आलेल्यांना त्या कंपनीच्या टॉफीचे डबे वाटले. लोकांनी घेतलेही. माझ्या वेळी कोणी काही वाटू नये.

कलम दुसरे. कूपर गल्लीतले राहते घर, आतल्या सामानासकट, हॉरेसचा मुलगा विन्स्लो केटरिज याला द्यावे. हॉरेस आता नाही. विन्स्लो त्याच शिकागोच्या कंपनीत खरेदीविक्री बघतो. गेल्या ईस्टरला आला होता. जेवण झाल्यावर दिवाणखान्यात मान वर करून म्हणाला, “आत्या, छप्पर गळतंय का गं?”

मी म्हटले, “छप्पर ठीक आहे. तुझ्या तोंडाला पाणी सुटलंय, ते आधी पूस.”

तो हसला. हसणे त्याला आईकडून मिळाले आहे, बापाकडून नाही, म्हणून घर त्याला. छप्पर खरोखरच गळते, मागच्या खोलीत, धुराड्याजवळ.

कलम तिसरे. कारखान्याबद्दल. इथे फिस्क यांनी मध्ये बोलू नये.

माझे वडील ऑबडाया केटरिज यादवी युद्धातून परतले ते एक तांब्याची कढई घेऊन. ती कोणाची होती हे त्यांनी कधी सांगितले नाही. बंदरावरच्या एका गोदामात त्यांनी काकवीच्या आणि हॉरहाउंडच्या गोळ्या करायला सुरुवात केली. हॉरहाउंड ही खोकल्यावरची कडू वनस्पती. तिची गोळी पोरे चुकून एकदाच खातात. पण खलाशी घेत. पुढे पेपरमिंटच्या पांढऱ्या वड्या आल्या, लोण्याच्या गोळ्या आल्या, नाताळसाठी रंगीत पट्ट्यांच्या नागमोडी गोळ्या आल्या. धंदा वाढला तेव्हा आईला पहिले दिवस गेले होते. वडिलांनी आनंदाच्या भरात ओकच्या फळीवर सोनेरी अक्षरांत पाटी रंगवून घेतली: ‘केटरिज आणि पुत्र’. पाटी टांगून झाली आणि मग मी जन्मले.

हॉरेस माझ्यामागून पाच वर्षांनी झाला. पाटीत ‘पुत्र’ होता, त्यामुळे तो लहानपणापासूनच धंद्यात होता. मी कढईपाशी होते. पाक एकतारी केव्हा, गोळीबंद केव्हा, हे मला बुडबुड्यांच्या आवाजावरून कळे. हॉरेसला आवाज एकाच गोष्टीचा कळे, नाण्यांचा, पण ते असो.

मी चोवीस वर्षांची असताना पेपरमिंटच्या वड्या बदलल्या. जास्त पांढऱ्या झाल्या, जिभेवर खरखरू लागल्या. मागच्या कोठीत मला पोती सापडली. पांढऱ्या, मऊ मातीची. त्या काळी बऱ्याच ठिकाणी वड्यांत अशी माती घालत, साखर वाचे. आमच्याकडे घालत नसत. मी वडिलांना दोनदा सांगितले. दोनदा ते म्हणाले, “हॉरेस असं करणार नाही.”

त्या रविवारी पाद्रीसाहेब जेवायला होते. भाजलेले मांस वाढण्याआधी मी गरम पाण्याचा एक ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्यात मूठभर वड्या टाकल्या.

“हे काय?” हॉरेस म्हणाला.

“तुझ्या वड्या.”

“विरघळायला वेळ लागतो साखरेला.”

“मग थांबू या की. कोणाला घाई आहे?”

आम्ही जेवलो. पाद्रीसाहेब पावसाबद्दल बोलले. पुडिंग येईपर्यंत वरचे पाणी स्वच्छ झाले होते आणि ग्लासच्या तळाशी बोटभर चिखल बसला होता. पाद्रीसाहेबांनी ग्लास उचलून उजेडासमोर धरला. त्यांची नातवंडे आमच्याच वड्या खात. “ऑबडाया,” ते म्हणाले, “हे काय आहे?”

वडील म्हणाले, “पुडिंग थंड होतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळी पोती खाडीत ओतायला लावली. मग मला बोलावून सांगितले, “उद्यापासून कारखान्यात यायचं नाही.”

“माती मी घातली का?”

“घरातली गोष्ट पाहुण्यासमोर काढलीस.”

त्यांच्या दृष्टीने दोन्ही न्याय पुरे झाले होते. हॉरेस तिथेच राहिला. मी ट्रंक भरली.

पेनसिल्व्हेनियात एका कॅरमेलच्या कारखान्यात मी नऊ वर्षे कढई सांभाळली. तिथे बाईला कढईपाशी उभे करायचे म्हणजे मुकादमाला अपमान वाटे; पहिल्या आठवड्यात त्याने माझी पळी लपवली. मी दुसऱ्याची घेतली. याहून सांगण्यासारखे त्या वर्षांत काही घडले नाही, आणि मला ते आवडले.

मग एका जानेवारीत मी राहत होते त्या खाणावळीच्या बैठकीत वडील येऊन बसलेले दिसले. अंगात ओव्हरकोट तसाच, टोपी गुडघ्यावर. आगगाडीने एवढा प्रवास त्यांनी युद्धानंतर केला नव्हता. म्हातारे झाले होते.

“हॉरेस गेला,” ते म्हणाले. “शिकागोला. लोण्याच्या गोळीची कृती पण घेऊन गेला.”

“कळलं मला.”

त्यांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

“पाक खाली लागतोय, लव्हिनिया,” ते म्हणाले.

एवढेच. ‘चुकलो’ म्हणाले नाहीत, ‘चल’ म्हणाले नाहीत. मी म्हटले, “पाटी बदलाल?”

“पाटी लोकांना माहीत झालेली आहे.”

मी त्यांच्याबरोबर परत आले. का आले याचे उत्तर मी पुष्कळदा शोधले आहे. पाक खाली लागतो आहे हे ऐकून मला बसवत नाही, याहून चांगले उत्तर सापडले नाही. वडील गेल्यावर कारखाना त्यांच्या मृत्युपत्रान्वये मला मिळाला, पण दोन अटींवर: नाव बदलायचे नाही आणि हॉरहाउंडच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. मी दोन्ही पाळल्या. मेलेल्या माणसाशी घासाघीस करता येत नाही.

कलम चौथे. आता कारखाना कोणाला, ते.

सन अडतीसच्या सप्टेंबरात वादळ आले तेव्हा खाडी आमच्या कारखान्यात शिरली. नाताळच्या मालासाठी भरलेली साखर सगळी वाहून गेली. कढया चिखलात, पाक ओतायच्या संगमरवरी फरश्या भंगलेल्या, भिंतीवर माझ्या खांद्यापर्यंत पाण्याची रेघ. मी दारातल्या उलट्या पिंपावर बसले होते. मी रडत नाही. त्या दिवशीही रडले नाही. खारे पाणी आधीच पुष्कळ झाले होते.

रोझालिया मेदेइरोश तिथे आली. ती मूळची अझोर्स बेटांवरच्या कुटुंबातली, लहान वयात आमच्याकडे गोळ्या कागदात गुंडाळायला लागली आणि तेव्हा गुंडाळणाऱ्या बायकांची मुकादम होती. वादळात तिच्या स्वतःच्या घराचा अर्धा जिना गेला होता. तिच्यामागे बाकीच्या बायका होत्या, खराटे आणि बादल्या घेऊन.

मी म्हटले, “रोझालिया, पगार द्यायला माझ्याकडे काही नाही.”

“आम्ही मागितलाय का?”

“कारखाना संपला.”

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही म्हातारीसारख्या पिंपावर बसून राहिलात तर संपेलच. उठा. हा घ्या खराटा.”

माझ्याशी असे बोललेले माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते. मी उठले. रोझालियाच्या दिराची मासेमारीची होडी होती. तिच्या दोराने कढया चिखलातून ओढून काढल्या. बायकांनी त्या वाळूने घासल्या. दुपारी रोझालियाने घरून गोड पाव आणला, तो आम्ही चिखलात उभ्यानेच खाल्ला. साखरेच्या व्यापाऱ्याकडे मी उधारीसाठी गेले तेव्हा ती न सांगता बरोबर आली आणि त्याच्या कचेरीत मधोमध चिखलाच्या बुटांनी उभी राहिली. त्याने आमच्या तोंडाकडे कमी आणि गालिच्याकडे जास्त पाहिले, आणि हो म्हणाला. त्या नाताळला वेल्सबरीत नागमोडी गोळ्या विकल्या गेल्या. थोड्या वाकड्या होत्या. नागमोडीच असल्यामुळे कोणाला कळले नाही.

वादळाच्याच महिन्यात शिकागोहून हॉरेसची तार आली होती: योग्य किमतीला विकत घेऊ. मी उत्तर पाठवले नाही.

या वसंतात तेच विन्स्लोने पुन्हा विचारले, आदबीने. कंपनीला आमचे नाव हवे आहे. इमारत नको, कढया नकोत, माणसे नकोत. फक्त नाव, डब्यावर छापायला. किंमत चांगली आहे. मी त्याला थांब म्हटले आणि दुसऱ्या दिवशी रोझालियाला बोलावून सांगितले की माझ्यामागे कारखाना तुम्हा सगळ्यांच्या नावाने करायचा विचार आहे.

मला वाटले होते, ती आनंदेल.

“कशाला?” ती म्हणाली. “तुम्ही सुटाल आणि बॉयलर आमच्या गळ्यात.”

“बॉयलरची सोय करते.”

“आणि नफा झाला नाही तर? आज शिव्या द्यायला तुम्ही आहात. उद्या आम्ही कोणाला द्यायच्या? एकमेकींना?”

“तशाही देताच की.”

“ते वेगळं,” रोझालिया म्हणाली. “ते प्रेमाने.”

तिने सगळ्यांना विचारायला सवड मागितली. आठवडाभर गुंडाळण्याच्या खोलीतून भांडणाचा आवाज येत होता, पोर्तुगीजमध्ये, पोलिशमध्ये, आणि माझ्या कानावर पडावे असे त्यांना वाटले की इंग्रजीत. कोणी म्हणे कंपनीला विका आणि पैसे वाटून घ्या. कोणी म्हणे बंदरावर दुसरे काम कुठे आहे. जेवणाची सुट्टी रोज लांबत गेली आणि मी काही बोलले नाही. मी वरच्या खोलीत बसून राहिले. निकाल माझ्या हातात नसताना बसून राहण्याची मला सवय नव्हती. त्या आठवड्यात मला दोनदा कढई लागल्याचा भास झाला, दोन्ही वेळा खाली जाऊन पाहिले, काही लागले नव्हते.

शनिवारी रोझालिया वर आली, एप्रन सोडून, केस विंचरून.

“घेतो,” ती म्हणाली. “पण आमची एक अट आहे.”

“देणाऱ्याला अट?”

“हॉरहाउंड बंद. दर वर्षी तोट्यात जातो तो माल. वासाने माझ्या बायकांना मळमळतं. तुमच्या वडिलांच्या आत्म्याला शांती मिळो, पण ती गोळी म्हणजे शिक्षा आहे.”

मी म्हटले, “मलाही ती कधी आवडली नाही.”

सबब, ‘केटरिज आणि पुत्र’ हा कारखाना, इमारत, जागा, कढया, पाक ओढायचे आकडे, फरश्या, साचे, सर्व कृती आणि नाव यांसह, माझ्या मृत्यूच्या दिवशी तिथे कामावर असलेल्या सर्वांना मिळून, सारख्या वाट्याने देते. गुंडाळणारीला आणि कढईवाल्याला वाटा सारखाच. कारभार रोझालिया मेदेइरोश हिने पाहावा. तिला कंटाळा आला तर त्या दुसरी निवडतील. वडिलांची अट मी माझ्यापुरती पाळली, ती माझ्याबरोबर संपते. हॉरहाउंड बंद करण्यास माझी हरकत नाही. पाटीचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. रंगाखाली लाकूड चांगले आहे.

बँकेत जी शिल्लक असेल ती नव्या बॉयलरला. आताचा माझ्याच वयाचा आहे आणि माझ्यापेक्षा जास्त घरघरतो.

विन्स्लोने याबद्दल मन कडू करून घेऊ नये. त्याला मी हे तोंडी सांगितले आहे. तो म्हणाला, “आत्या, बाबांना राग आला असता.” मी म्हटले, “हो.” त्यावर आम्ही दोघांनी कॉफी घेतली.

कलम पाचवे आणि शेवटचे. वरचा मजकूर वाचून ॲल्डन फिस्क यांनी एक ओळ घातली होती: ‘सदर कारखाना पुढे कधीही विकता येणार नाही.’ ती मी खोडली आहे. त्या खाडाखोडीवर माझी सही आहे.

ते म्हणाले, “मिस केटरिज, ही ओळ नसेल तर तुम्हाला पुरल्यावर महिन्याभरात त्या शिकागोला विकून मोकळ्या होतील.”

“होतील कदाचित.”

“मग एवढं सगळं कशासाठी केलंत?”

“त्यांचं आहे म्हणून,” मी म्हटले.

त्यांनी चष्मा पुसला. “तुम्हाला चालेल?”

“मी नसेन, ॲल्डन. मला चालण्या-न चालण्याचा प्रश्नच नाही.”

त्यांनी ठेवला काय, विकला काय, दोन्ही त्यांच्या मर्जीने. विकला तर वेल्सबरीत कोणी त्यांना नावे ठेवू नयेत, आणि ‘म्हातारीला काय वाटलं असतं’ असे कोणी म्हणू नये. म्हातारीला विचारले होते. तिने हो म्हटले आहे.

हे सर्व मी वाचले, मला पटले, आणि खालील तिघांच्या डोळ्यांदेखत माझ्या हाताने सही केली.

लव्हिनिया केटरिज

आम्ही, खाली सह्या करणारे, या मृत्युपत्रात कशाचेही वाटेकरी नाही. मिस केटरिज यांनी आमच्यासमोर, शुद्धीवर असताना, आणि सही करण्याआधी फिस्क यांच्याशी एका स्वल्पविरामावरून वाद घालून, ही सही केली.

साक्षीदार:
थॅडियस क्रॉवेल, पोस्टमास्तर
ऑगस्टा पीबॉडी, शेजारीण, कूपर गल्ली
स्तानिस्लाव वोयचिक, पाववाला

मु. वेल्सबरी, मॅसॅच्युसेट्स
दिनांक ९ जून १९५४