जवळ्यावरचे बूट

मंगळवार, सांजेला

आज मोजणीवाल्या साहेबाच्या डोक्यात मी वल्हं घातलं. रक्त कानामागून त्याच्या शर्टात गेलं.

गावाचं ठरलं होतं, कोणी हात उचलायचा न्हाय. मासळी वाळवणाच्या जागेतून जेट्टीचा रस्ता नको, हे ऐकायला शुक्रवारी कलेक्टर येणार होते. पण हा साहेब बूट घालून माझ्या सुकत घातलेल्या जवळ्यावरून चालला. मी म्हटलं, "साहेब, पायाखाली खाणं हाय." तो हसला आणि त्याच बुटांनी परत जवळ्यावरूनच मागे आला. मग मला काय झालं?

बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांनी काठ्या चालवल्या. माझ्या जाऊबाईचा हात मोडला. मोजणीवाल्यांतल्या एकाचं फोनवर शूटिंग तर आधीपासून चालू होतं. आम्ही चिडावं म्हणूनच साहेब तसा चालला का?

आमचे सरपंच, तात्या, आत्ताच येऊन गेले. "शुक्रवारची बैठक रद्द, सुमन. टीव्हीवर तुझं वल्हं दिसतंय. माफी लिहून दे, तरच कलेक्टर बोलतील."

"आणि जाऊबाईचा हात? ते बूट?"

"ते दिसत न्हाईत."

लिहीन. जागा गेली तर सगळ्या गावाची चूल जाईल. पण वल्हं बसलं तेव्हा मला बरं वाटलं. ते माफीत लिहिता येणार न्हाय, म्हणून इथं लिहिलं.