दारावरून गेलेल्या सायकलीची कैफियत

रत्नागिरी,
मे महिन्यातला सोमवार

तीर्थस्वरूप गंगाआत्येस,

गुरुप्रसादचा साष्टांग नमस्कार (अगदी खरोखरीचा साष्टांग, तो कुठे घातला ते पुढे येईलच). इथे आम्ही सगळे खुशाल आणि घामाने चिंब आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का? डोळ्यांचं विचारत नाही, कारण विचारलं की तू चिडतेस. फोन करून बघितला, पण माझा आवाज ऐकला की तुझी रेंज जाते आणि तुझ्या सूनबाईने, ज्ञानेश्वरीने केला की परत येते. म्हणून लग्नाला पंचवीस वर्षं झालेला हा तुझा भाचा बायकोच्या देखरेखीखाली पत्र लिहितो आहे. (दीपालीवहिनी, पत्र शेजारधर्म म्हणून तुम्हीच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. आत्या आधी 'माजी मी वाचतंय' म्हणेल. तिने कागद उलटा धरला की हळूच काढून घ्या. कंसातलं मोठ्याने वाचू नका.)

तुझा निरोप ज्ञानेश्वरीने मला शब्दशः ऐकवला. 'गुरू दारावरनं गेला, पन वळून बघितलान नाय. माज्या मयताला तरी सायकलवरनं उतरेल काय, ता विचार.' आणि त्याला जोडून, शुक्रवारी डोळ्याच्या ऑपरेशनला यायचं नाही. ज्याला आपलं दार दिसत नाही त्याच्या घरी उतरायचं नाही, हे एक कारण. दुसरं असं, की पळत्या सायकलीवरचा, टोपडं घातलेला माणूस जिला ओळखता येतो तिच्या डोळ्यांना काय धाड भरली आहे? युक्तिवाद बिनतोड आहे. मी तो डॉक्टरांनाही ऐकवला. ते म्हणाले, उजव्या डोळ्याला आता उजेड-अंधार तेवढा कळतो आणि डावा त्याच वाटेवर आहे. पाऊस लागला की तुझ्या वाडीतून तुला आणणं म्हणजे दिव्य, आणि दिवाळीपर्यंत थांबलो तर मोतीबिंदू पिकून भलतंच होऊन बसेल. तेव्हा तुझा राग शुक्रवारच्या आत उतरवणं मला भाग आहे. नाहीतर तुझा राग मी पुरवून पुरवून खाल्ला असता, मला त्याची सवय आहे.

आता माझी बाजू. पन्नाशी उलटल्यावर माणसाला एकतर अध्यात्म लागतं नाहीतर साखर. मला साखर लागली, आणि डॉक्टरांनी सायकल लावली. आमचं एक मंडळ आहे. दर रविवारी उजाडायच्या आधी मारुती मंदिराजवळ जमतं. अध्यक्ष काशीराम बंदरकर, जन्मभर स्टँडवर गाड्या सोडल्या आणि आता सायकली सोडतात. शिट्टी मारतात, कुठली सायकल कुठे जाणार ते ओरडून सांगतात, आणि उशिरा येणाऱ्याला चहाच्या वेळी बोलत नाहीत. दुसरे सुलेमानभाई, कुवेतहून कायमचे परत आलेले. त्यांची सायकल इतकी हलकी की ती ते एका बोटावर उचलून दाखवतात. (दर रविवारी दाखवतात. आम्ही दर रविवारी बघतो. माणूस फार चांगला आहे.) आमच्यात सायकल चालवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे घरी येऊन ते ग्रुपवर टाकणं. कुठे गेलो, किती चढलो, सगळं नकाशासकट. फोटोत चढ सपाट दिसतो ही सगळ्यांची तक्रार, म्हणून काशीराम फोन जरा तिरका धरतात. त्यांच्या फोटोत भाट्याचा समुद्रसुद्धा चढावर असतो.

तर त्या रविवारी देवरूखच्या रस्त्याला जायचं ठरलं, आणि ते मीच ठरवायला लावलं, हे तू आधी लक्षात घे. तू पावसाच्या बेगमीला सुकट आणि सोडे मागितले होतेस. ते घेऊन मी तुझ्याकडेच येत होतो. मंडळाला मी शब्द दिला होता की आत्येकडे कोकम सरबत आणि घावणे मिळतील. (तिला सांगितलं नव्हतं, हे खरं. पण आत्येकडे सांगून गेलं तर ती त्याचाही राग धरते.) सुकटीची पिशवी मी मागच्या कॅरिअरला बांधली. सायकलवाल्यांत कॅरिअर लावणं कमीपणाचं समजतात, पण कोकणातल्या माणसाने मे महिन्यात रिकाम्या हाताने नातेवाइकांकडे जावं इतका मी अजून सुधारलो नाही.

आता ब्रेकचं ऐक. माझा ब्रेक दाबला की असा किंचाळायचा की भाट्याच्या पुलाखाली जाळं टाकून पागणारे मान वर करून बघायचे. ज्ञानेश्वरी म्हणाली, एकतर हा आवाज घरात राहील नाहीतर मी. आणि तुझी जन्माची शिकवण काय, तर कुरकुरलं की खोबरेल लाव. बिजागरीला तू तेच लावलंस, रहाटाला तेच, माझ्या कानात तेच, आणि तुझा भाऊ, म्हणजे आमचे नाना, परीक्षेला बसले तेव्हा त्यांच्या डोक्यालाही तेच. म्हणून मी आदल्या दिवशी दोन्ही ब्रेकांना घाण्यावरचं शुद्ध खोबरेल लावलं, चांगलं मुरवून लावलं. ब्रेक गप्प झाला. तो बोलायचाच नव्हे, धरायचाही थांबला आहे, हे मला तुझ्या घरावरच्या घाटीच्या उतारावर कळलं. सुलेमानभाई नंतर म्हणाले, 'अरे, बिरेकला तेल लावतात काय कोन?' मी म्हटलं, आमच्यात लावतात.

त्यात हातखंब्यापासून एक पिवळा कुत्रा सुकटीच्या वासाने मागे लागला होता. मोठा मिळूनमिसळून वागणारा कुत्रा. वाटेतल्या प्रत्येक वाडीत त्याने आपले सोयरे गोळा केले. घाटीच्या माथ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा मंडळाचे सभासद पुढे, मी मध्ये आणि मागे वऱ्हाड. उतार लागला, मी ब्रेक दाबला, आणि काहीच झालं नाही. सुलेमानभाईंना मागे टाकलं, काशीरामांना मागे टाकलं, त्यांनी शिट्टी मारली, तीही मागे पडली. लहानपणी तुझ्या विहिरीत पडलो होतो तेव्हा ज्या सुरात ओरडलो, त्याच सुरात ओरडत मी तुझ्या दारच्या खळ्यासमोरून गेलो. वळून बघितलं नाही म्हणतेस. आत्ये, मी समोरसुद्धा बघत नव्हतो, डोळे मिटले होते.

पुढच्या वळणावर करवंदीची जाळी आहे, तिने मला थांबवलं. मी पालथा पडलो, तोंड तुझ्या घराकडे, हात जोडलेल्या अवस्थेत. तुला घातलेला साष्टांग नमस्कार तो हा. सुकटीची पिशवी फुटली आणि कुत्र्यांनी ती जागेवरच साजरी केली. मग परत तुझ्याकडे का आलो नाही? यायला निघालो होतो. पण सायकलची चड्डी अंगाला चिकटलेली असते, आणि करवंदीने ती मागून पार उघडी केली होती. तुझ्या खळ्यात त्या दिवशी वाडीतल्या झाडून साऱ्या बायका फणसपोळ्या घालायला बसलेल्या. (वहिनी, तुम्हीही होतात. तुम्ही काही बघितलं असेल तर कृपया विसरा.) मी त्यांच्यासमोर तोंड दाखवू शकलो असतो, पण पाठ दाखवल्याशिवाय परत जाता येत नाही. शेवटी आंब्याच्या टेम्पोत, पेट्यांवर पालथा पडून रत्नागिरीला आलो.

अपमान इथे संपला असता तर बरं. पण माझा फोन खिशात आपलं काम करत होता. संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांनी आपापले नकाशे टाकले, तेव्हा कळलं की अख्ख्या उन्हाळ्यातला मंडळाचा सर्वांत जास्त वेग माझ्या नावावर, आणि तो नेमका तुझ्या दारासमोर नोंदला गेला आहे. पंधरा जणांनी अंगठे पाठवले, काशीरामांनी नारळ देऊन सत्कार ठरवला. सगळ्या जगात माझं कौतुक चाललं होतं, त्याच वेळी तू मला मयताला बोलावत होतीस.

त्यानंतर मी तुझ्याकडे फिरकलोदेखील नाही, असंही तू ज्ञानेश्वरीला सांगितलंस. ते तूर्तास तसंच राहू दे. ओरडून माझा घसा जो बसला तो काल-परवापर्यंत उघडला नव्हता. बाकी क्षेम. खळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना माझा नमस्कार सांग, कुत्रे वगळून.

तुझा भाचा,
गुरू

ता. क. : शुक्रवारी सकाळी सुलेमानभाई त्यांची मोटार घेऊन येतील, मी बरोबर असेन. ब्रेक त्यांनी तपासून घेतले आहेत आणि मला गाडीला हात लावायची बंदी आहे. (वहिनी, तिची पिशवी भरून ठेवा. फणसाची साठं घेऊ दे, लोणच्याची बरणी नको.)

आणखी ता. क. : वहिनी, हे कंसात नाही. हे मोठ्याने वाचा, आणि सावकाश.

आत्ये, मी काल आलो होतो. एकटाच आलो, सायकल हातात धरून घाटी उतरलो. वहिनी लग्नाला गेल्या होत्या, तू खळ्यात एकटी बसली होतीस. हेल्मेट काढून तुझ्या समोर उभा राहिलो, हाताच्या अंतरावर. घसा अजून बसलेलाच होता. तू म्हणालीस, 'कोन रे बाबा? बस, दमलास. पानी पितोस?' आणि सरबत आणून दिलंस. मग माझ्यासमोर बसून माझीच गाऱ्हाणी सांगितलीस. 'माजा भाचा पन असाच सायकल घेऊन हिंडतो. गोवर झालेला तेवा रात्रभर मांडीवर घेऊन बसलंय त्याला. आता दारात थांबत नाय.' मी म्हटलं, डोळे दाखवा कोणाला तरी. ते घोगरं बोलणं ऐकून तू हसलीस आणि म्हणालीस, 'दाकवलेत. पन डोळे करून बगायचा कोनाला?'

तेव्हा मीच तो, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. त्या घाटीतल्या रविवारी तू मला डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखलं होतंस, आत्ये. घसा बसल्यावर तुला मी कोण ते कळलं नाही. म्हणून शुक्रवारी ये. पट्टी निघाली की पहिला मला बघ आणि समोर बसवून शिव्या घाल, वाऱ्यावर घालू नकोस.

आणि जाता जाता, त्या सरबतात तू साखर समजून मीठ घातलं होतंस. तरी मी दुसरा पेला मागून घेतला, कारण पहिला संपला तेव्हा तू माझ्या गोवरापर्यंतच आली होतीस.